अर्धं नि अर्धं पाऊण

ती रेघ पुन्हा आली होती.

खालचा ओठ संपतो आणि हनुवटी सुरू होते, बरोबर त्या हद्दीवर. केसाहून बारीक आणि पांढरीफटक. तृप्तीनं चित्र मोठं केलं, रेघ गेली. लहान केलं, रेघ हजर. पुन्हा मोठं करून बघितलं, तर आता ती गालाच्या कडेला जाऊन बसली होती. "मर की एकदाची," तृप्ती स्क्रीनला म्हणाली आणि तिनं चहाचा कप तोंडाला लावला. चहा कधीच गार झाला होता.

ही रेघ काय चीज आहे, ते ज्यानं कॉम्प्युटरवर कधी लग्नपत्रिका नाहीतर मसाल्याचं पाकीट काढलंय त्याला विचारा. शिवी हासडल्याशिवाय तो उत्तर द्यायचा नाही. दोन आकार एकमेकांना घट्ट चिकटवून ठेवा, मधे सुई शिरायला जागा ठेवू नका, तरी मधून खालचा कागद डोकावतोच. तृप्तीची पहिली नोकरी कोल्हापुरातल्या एका प्रेसमधली. तिथल्या मालकांनी तिच्या पहिल्याच पत्रिकेवरच्या गणपतीच्या सोंडेवरची रेघ बघून हात झटकले होते. "स्क्रीनवर दिसतं गं ते, छपाईत येत नाही. सोडून द्यायचं." आणि खरंच आलं नव्हतं. तेव्हापासून ती सोडून देत आली. या धंद्यात सगळेच सोडून देतात.

आता मात्र छपाई कागदावर व्हायची नव्हती. समोरचा चेहरा तिच्या नवऱ्याचा होता आणि तो संध्याकाळी त्याच्याच अंगावर छापला जाणार होता.

मिरजेच्या त्या भाजलेल्या पेशंटांच्या इस्पितळात कातडी छापायला सुरुवात होऊन फार काळ झाला नव्हता. पेशंटच्या अंगावरचा न भाजलेला नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी बाटल्यांत वाढवायच्या, पुरेशा झाल्या की यंत्रात भरायच्या आणि थेंबाथेंबानं जखमेवर मांडायच्या. त्या पेशींना तिथं सगळे शाईच म्हणत. साध्या कातडीची शाई वेगळी, दाढीच्या केसांची मुळं असलेली वेगळी, ओठांची तर फारच नाजूक. कुठली शाई कुठं पडायची हे यंत्राला चित्रातून सांगावं लागे. गालाचा एक बंद आकार, हनुवटीचा दुसरा, ओठाचा तिसरा. असा आकार म्हणजे मुळात गणितच, कितीही ताणला तरी त्याची कड खरबरीत होत नाही. डॉक्टरांना हे काम जमेना, तेव्हा त्यांनी चित्रकार ठेवले. तृप्ती मगदूम त्यांतली एक.

तिचा नवरा इंद्रजित शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर. साच्यात ओतताना वितळलेलं लोखंड उसळलं. चष्म्यामुळं डोळे वाचले. नाकाखालून गळ्यापर्यंत काही राहिलं नाही. चित्र दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ, असं डॉक्टरीणबाई नदाफ मॅडम म्हणाल्या, तर तृप्ती त्यांच्या अंगावरच गेली. तिच्याइतका तो चेहरा कुणी बघितला होता? बघितला होता तो फक्त त्याच्या आईनं. म्हणून तिनं आत्तींना शेजारी खुर्ची टाकून बसवलं. सासूला ती आत्तीच म्हणायची, त्यांच्याकडं तशीच पद्धत.

"डावा कोपरा जरा वर घे," आत्ती म्हणायच्या. "खोटं बोलताना तेवढाच हलतोय त्याचा."

"आत्ती, खोटं बोलतानाचा चेहरा काढू होय?"

"काढ की. निम्मा वेळ तेच तर करतोय."

दोघी हसल्या होत्या. अपघातानंतर पहिल्यांदाच. दाढी कुठपर्यंत येते, मिशीखाली ती खाच किती खोल, हनुवटीवर लहानपणी पडल्याचा व्रण कुठं, सगळं आत्तींनी बोट लावून लावून दाखवलं, आणि तृप्तीनं तेवीस शाया नि आकार एकमेकांत बसवत तो चेहरा उभा केला. खोटं कशाला सांगा, तिला त्या चित्राचा अभिमान होता. रेघ दिसत होती, पण रेघेला कोण विचारतो?

छपाईच्या दिवशी सकाळीच ओपीडीतून निरोप आला की सुवर्णा टीचर आल्यात आणि तुम्हालाच भेटायचं म्हणतात.

जयसिंगपूरच्या सुवर्णा उपाध्ये. शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटचा भडका उडून त्यांचा उजवा हात भाजला होता. त्याआधी इस्पितळात जे छापलं जाई ते पाठीचं, मांडीचं, एकाच शाईचं ठिगळ. दोन शायांचं पहिलं काम सुवर्णा टीचरांच्या हाताचं. उन्हानं रापलेली बाहेरची बाजू आणि गोरी आतली बाजू, दोन्ही तृप्तीनं हुबेहूब जुळवल्या होत्या. महिन्यापूर्वी त्या पेढे देऊन गेल्या होत्या.

आज त्यांनी बाही वर केली. "ताई, जरा बघता का? उसवल्यागत झालंय."

कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सरळ उकलली होती. सुरीनं कापावी तशी नाही, शिवण सुटावी तशी. फटीत ओलं, लालसर काहीतरी चमकत होतं.

तृप्तीनं टॅबवर जुनी फाईल उघडली आणि हाताशेजारी धरली. चित्रातली पांढरी रेघ कोपराच्या खळगीतून निघून मनगटाच्या हाडाला वळसा घालत होती. हातावरची फटही तिथूनच निघाली होती आणि तिनं तसाच वळसा घेतला होता.

"काय झालं हो? माझं काही चुकलं का?" सुवर्णा टीचर घाबरून म्हणाल्या. "पाण्यात नाही घातला हो हात. शप्पथ! भांडीसुद्धा सासूबाई घासतात."

"तुमचं नाही चुकलं," तृप्ती म्हणाली. ती त्यांना नर्सच्या स्वाधीन करून अक्षरशः पळत आपल्या टेबलाशी आली, आणि इतकी वर्षं ज्या रेघेला सोडून दिलं तिचा हिशेब पहिल्यांदाच मांडायला बसली.

हिशेब असा होता. चित्र रेषांचं असलं तरी छापताना त्याचे ठिपके करावेच लागतात. आता एखादा ठिपका बरोबर हद्दीवर पडला, अर्धा ओठात आणि अर्धा हनुवटीत. कॉम्प्युटर आधी ओठ रंगवतो आणि ठिपका अर्धा भरतो. मग हनुवटीकडं वळतो. तिचाही वाटा अर्धाच. पण उरलेली अर्धी जागा नेमकी हनुवटीचीच आहे, हे त्या शहाण्याला कळत नाही. जे रिकामं दिसतं त्याचं अर्धं तो भरतो. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव. अर्धा नि पाव, पाऊण झालं. पाव ठिपका उघडाच राहिला.

कागदावर याचं काही बिघडत नाही, शाई पसरते आणि उघडा पाव भाग भरून काढते. पेशी पसरत नाहीत. जिथं टाकल्या तिथं बसतात, आणि नवी कातडी अंगाला धरायला लागली की आकसते. दोन्ही बाजूंनी ओढ बसली की ती नेमकी विरळ जागीच फाटते. सुवर्णा टीचरांच्या हातावर अशी एक हद्द होती. इंद्रजितच्या चेहऱ्यावर, गळ्यावर मिळून पन्नासेक होत्या. आणि गळ्याच्या कातडीखाली लगेच मोठ्या शिरा.

तिनं यंत्राच्या कंपनीला फोन लावला. पुण्याहून सौरभ नावाचा मुलगा बोलायला आला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तो फक्त डिस्प्लेचा इश्यू आहे. आउटपुटवर परिणाम होत नाही."

"बाईचा हात फाटलाय! परिणाम होत नाही काय?"

"त्याबद्दल सॉरी, मॅडम. पण त्याला दुसरी कारणं असू शकतात."

"बाबा रे, ऐक. कडा गुळगुळीत करायचं ते बंद करून दे मला. एक ठिपका, एक शाई, अर्धमुर्धं काही नको. साधं बटण असतं ते, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये असतं."

"आमच्याकडं ते सील केलेलं आहे. मंजुरी या व्हर्जनला मिळालीय ना. काहीही बदललं की सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. मागच्या वेळी आठ महिने गेले."

"माझा नवरा आज संध्याकाळी टेबलावर आहे."

सौरभ हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मी वर कळवतो. खरंच कळवतो." पोरगा वाईट नव्हता. त्याच्या हातात काही नव्हतं, एवढंच.

मग तृप्तीनं धंद्यातल्या सगळ्या युक्त्या काढल्या. पहिली युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. एक आकार दुसऱ्याखाली थोडा सरकवून द्यायचा. रेघ झटक्यात गेली. ती तशीच उठून नदाफ मॅडमना बोलवायला धावली.

मॅडमनी स्क्रीनकडं बघितलं आणि मान हलवली. "म्हणजे त्या पट्टीवर दोन थर येणार. वरच्या थराला हवा, खालच्याला रक्त, मधल्यांना काय? ते कुजणार. आणि ओठाखाली दाढीची मुळं गेली, तर केस आत वाढायला लागतील. ते तर फाटण्यापेक्षा वाईट."

दुसरी युक्ती म्हणजे सगळ्या हद्दी ठिपक्यांच्या ओळीवर आणून बसवायच्या, म्हणजे अर्धा ठिपका म्हणून राहतच नाही. तिनं ओठाची वळणं मोडून त्यांच्या पायऱ्या केल्या. डोळे चुरचुरायला लागले, मनगट आखडलं, तरी ती एकेक बिंदू सरकवत बसली. जमलं! सपाट चित्रात एकही रेघ उरली नाही. मग तिनं ते चित्र इंद्रजितच्या जबड्याच्या गोलाईवर चढवून बघितलं, आणि गोलाईनं सगळ्या ओळी पुन्हा तिरक्या केल्या. पन्नासच्या पन्नास रेघा परत आल्या. तृप्तीनं कपाळ टेबलावर टेकवलं. रडूसुद्धा येईना, नुसता संताप. अरे, अर्धं नि अर्धं एक, हे पहिलीतल्या पोराला येतं! कोट्यवधींचं यंत्र, आणि त्याला ते येत नाही.

"तृप्ती," नदाफ मॅडम शेजारी बसत म्हणाल्या, "छपाई पुढं ढकलू शकत नाही मी. गळ्याच्या जखमेत जंतू शिरलेत. शाई आजच्यापुरती जिवंत आहे, नवी वाढवायला दीड महिना. तेवढा वेळ त्याच्याकडं नाही."

"मग करू काय मी?"

"पाठीची ठिगळं का नाही फाटली कधी?"

तृप्तीला उत्तर माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं आणि ती त्याच्याकडं पाठ करून बसली होती. एकच शाई, एकच आकार. हद्दच नाही, तर रेघ कुठून येणार? मांडीच्या कातडीची शाई तेवढ्याला पुरण्याइतकी होती. नाकाखालून गळ्यापर्यंत एक सलग पत्रा.

"ओठ?" तिनं विचारलं.

"तोंडाला भोक राहील. ओठ नाही येणार."

"दाढी, मिशी?"

मॅडमनी मानेनंच नाही म्हटलं. "नंतर थोडं गोंदवता येतं. पण मी तुला फसवणार नाही. माणूस वाचेल. चेहरा कुणाचा असेल ते मी सांगू शकत नाही."

हे आत्तींना सांगायचं होतं. त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. तृप्ती जमिनीवर त्यांच्या गुडघ्यांशी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. आत्तींनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि त्या एकदम उसळल्या.

"एवढ्याशा रेघंसाठी? केसाएवढी रेघ, आणि तू माझ्या पोराचं तोंड पुसणार?"

"आत्ती, ते फाटतंय. मी डोळ्यांनी बघितलंय."

"त्या बाईचं फाटलं. याचं कशावरनं फाटंल? चित्र काढलंस ना एवढं झकास? माझ्यादेखत काढलंस. छाप तेच. नऊ महिने पोटात वागवलाय मी त्याला, मला माझं पोर पायजे!"

"आणि गळ्यावर फाटलं तर? रक्त थांबायचं नाही. मग काय करायचं, तुम्ही सांगा! मी चित्र घेऊन बसू आयुष्यभर?"

ती सासूवर ओरडली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, कधी आवाज चढवला नव्हता. आत्तींनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि भिंतीकडं तोंड केलं.

इंद्रजितला विचारायलाच हवं होतं. तोंड त्याचं होतं. तो तापानं फणफणत होता. पट्ट्यांच्या वर फक्त डोळे आणि कपाळ. शब्द अडखळत यायचे, ओठांवाचून येतील तसे. तृप्तीनं काचेआडूनच, माईकवर त्याला समजावलं. चित्र छापलं तर तुझाच चेहरा, पण फाटायची भीती. साधं छापलं तर फाटणार नाही, पण तुझं असं त्यात काही नसेल.

त्यानं डोळे मिटून घेतले.

"जगंन... किती टक्के?" त्यानं विचारलं. कारखान्यातला माणूस, त्याला टक्केच कळायचे.

"चित्र छापलं तर कुणीच सांगू शकत नाही, इंद्रा. साधं छापलं तर मॅडम म्हणतात, जगशील."

"मला... भ्या वाटतंय," तो म्हणाला. असं तो कधी म्हणाला नव्हता. मग डोळे उघडून तिच्याकडं बघत म्हणाला, "तूच ठरीव. मला न्हाई जमत. तूच बघणार हायेस की... मला रोज."

"असं नको म्हणू रे. तुझं तू सांग."

पण त्याला ग्लानी आली होती. नर्सनं काचेपलीकडून तिला जायची खूण केली.

टेबलाशी येऊन तिनं चित्र शेवटचं मोठं केलं. हसला की पडणारी गालावरची घडी, तो व्रण, मिशीखालची खाच. मग तिनं सगळे आकार निवडले आणि 'एकत्र करा'वर बोट ठेवलं. बोट दाबेना. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि दाबलं.

क्षणात सगळं गेलं. स्क्रीनवर गव्हाळ रंगाचा एक सलग आकार आणि त्यात तोंडाचं भोक. एकही रेघ नव्हती. कॉम्प्युटरनं हिरवी खूण करून कळवलं की आराखडा निर्दोष आहे.

"ओठांची शाई काय करू?" प्रयोगशाळेतल्या बाईंनी दारातून विचारलं. त्याच्या वरच्या ओठाचा कसाबसा वाचलेला कण घेऊन त्यांनी ती महिनाभर वाढवली होती, रोज दोनदा खाद्य घालून.

"ओतून टाका," तृप्ती म्हणाली, आणि तिथंच खाली बसून हंबरडा फोडून रडली.

छपाई नीट झाली. कातडी धरली, आकसली, पण कुठं तटकन तुटली नाही. गळ्यातले जंतू हटले, ताप उतरला. सुवर्णा टीचरांचा हातही मॅडमनी पुन्हा एका शाईत छापून दिला आणि कंपनीला असं खरमरीत पत्र लिहिलं, की दोन शायांची छपाई देशभर थांबली. लोकांनी तृप्तीचं कौतुक केलं. तिला ते ऐकवेना, ती उठून जायची. चाळीस दिवस इंद्रजित आतल्या खोलीत होता, आणि तिथं मॅडम, नर्स आणि तृप्ती सोडून कुणाला प्रवेश नव्हता. पट्ट्या निघाल्यावर त्यानं आरसा मागितला, बघितलं, आणि परत दिला. "बरंय," एवढंच म्हणाला. तृप्ती त्याला रोज भरवायची, त्याच्याशी बोलायची, आणि बोलताना फक्त त्याच्या डोळ्यांकडं बघायची. त्याच्या हे लक्षात येत होतं.

आत्ती रोज डबा घेऊन यायच्या आणि खालीच नर्सकडं देऊन जायच्या. तृप्तीशी त्या कामापुरतं बोलत.

ज्या दिवशी त्याला व्हरांड्यात चालायची परवानगी मिळाली, त्या दिवशी आत्ती नेहमीपेक्षा लवकर आल्या. तो आज बाहेर येणार हे त्यांना खाली कुणी सांगितलं नव्हतं. डबा घ्यायला खाली नर्स नव्हती, लिफ्टही बंद होती, म्हणून त्या जिन्यानं वर आल्या, हातात डब्याची पिशवी, धापा टाकत. आणि वळणावर समोरून इस्पितळाच्या कपड्यातला, डोक्याला टोपी घातलेला एक पुरुष भिंतीच्या आधारानं चालत आला. तृप्ती त्याच्या चार पावलं मागं होती.

आत्तींनी त्याच्याकडं एकदा बघितलं. मग चटकन डोईवरचा पदर पुढं ओढला, नजर खाली घातली आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या. परका पुरुष समोर आला की त्यांच्या गावच्या बायका राहतात तशा, त्याला जायला वाट देऊन.

इंद्रजित थांबला. तृप्तीही थांबली.

"आई," तो म्हणाला. "मी हाय."

आवाज ऐकून आत्तींनी मान वर केली. त्या बघत राहिल्या, कपाळापासून खाली, गळ्यापर्यंत, आणि पुन्हा वर. शोधत होत्या आणि सापडत नव्हतं. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली. मग त्यांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"बोल," त्या म्हणाल्या. "बोलत ऱ्हा, बाळा. थांबू नगंस."